सांगली संस्थानची रेल्वे व आष्ट्याकडील मालाची वाट

जुन्या व्यापारी घराण्याचें दप्तर हातीं आलें म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम मोडी पत्रें, सनदा, निवाडे व वंशावळी यांकडे जाते, आणि तें स्वाभाविकच आहे. रुमालाच्या तळाशीं राहिलेले छापील फॉर्म, मालाचीं बीजकें, हुंडेकऱ्यांच्या चिठ्ठ्या, रोजमेळाचे सुटे बंद हे कागद 'अलीकडचे' म्हणून बाजूस पडतात व पुष्कळदां रद्दींत जातात. परंतु सातारा-सांगलीकडील बाजारपेठांचा विसाव्या शतकांतील इतिहास लिहावयाचा झाला तर तो याच कागदांवरून लिहावा लागेल. आणि ते कागद नीट वाचतां येण्यास एका अगदीं लहान रेल्वे-शाखेची माहिती असणें अवश्य आहे. ती शाखा म्हणजे मिरजेहून सांगलीस गेलेली सांगली संस्थानची रेल्वे. तिची लांबी अवघी पांच मैलांच्या आंतबाहेर. एवढ्याशा रुळाला इतिहास तो काय, असें वाचकांस वाटण्याचा संभव आहे. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें.

ज्या गांवाच्या दृष्टीनें आम्ही या शाखेकडे पाहणार आहों तें आष्टा गांव कृष्णा व वारणा या दोन नद्यांमधील काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत वसलें आहे. इंग्रजी अमलांत तें सातारा जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यांत मोडत असे. ता. १ ऑगस्ट १९४९ रोजीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला तेव्हां तें त्यांत गेलें, व त्याच जिल्ह्यास १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. आष्ट्यास रूळ कधींच पोहोंचला नाहीं. तथापि आष्ट्याच्या हळदीला व गुळाला रेल्वेची वाट होती, आणि ती तुंगावरून सांगलवाडीच्या कांठीं येऊन, कृष्णा ओलांडून, सांगलीच्या मालधक्क्यापर्यंत जात असे. हें अंतर बारा-तेरा मैलांचें. या वाटेंतील अवघड टप्पा रुळाचा नव्हता, नदीचा होता, ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यानें त्या काळच्या हिशेबांचा अर्थ लावतांना चूक होते. तीच येथें स्पष्ट करावयाची आहे.

प्रथम मुख्य मार्गाविषयीं. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ सालीं स्थापन झाली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दक्षिणेंत धान्य पोहोंचविण्याचें साधन नसल्यानें जी मनुष्यहानि झाली तिच्या आठवणींतून या रेल्वेची योजना निघाली होती. पुण्याहून मिरज, बेळगांव यांवरून लोंढ्यास जाणारा तिचा मार्ग १८९० सालीं पुरा झाला. या मार्गाचा नकाशा समोर ठेवून पाहिलें असतां एक गोष्ट सहज दिसते. कोरेगांव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड, ताकारी, भिलवडी, नांद्रे अशीं ठाणीं घेत जाणारा हा रूळ मिरजेपर्यंत कृष्णेच्या डाव्या कांठानेंच उतरतो. येरळेसारख्या उपनद्या तो ओलांडतो, पण खुद्द कृष्णा ओलांडीत नाहीं. ती ओलांडणें पडतें तें मिरजेच्या पुढें, बेळगांवच्या वाटेवर, कुडचीजवळ. मोठ्या नदीवरील पूल टाळावा हा एंजिनियरांचा हिशेब व अवर्षणाचा प्रदेश पूर्वेकडे असणें, हीं दोन कारणें आमच्या मतें यास पुरेशीं आहेत. परिणाम मात्र असा झाला कीं, उजव्या कांठावरील गांवांचें स्टेशन नेहमीं 'नदीपलीकडे' राहिलें. कऱ्हाड शहराचें स्टेशन शहरापासून दूर, ओगलेवाडीस, इस्लामपूरचें ताकारीस, आणि आष्ट्यास प्रथम मिरज व पुढें सांगली.

मिरजेहून कोल्हापुरास जाणारी शाखा कोल्हापूर संस्थानानें बांधविली व ती १८९१ च्या एप्रिलमध्यें सुरू झाली. ती सुमारें एकोणतीस मैल लांब असून मिरजेच्या पश्चिमेस तिला कृष्णेवर पूल बांधावा लागला. म्हणजे आगगाडीसाठीं त्या भागांत कृष्णा १८९१ सालींच बांधली गेली. सांगलीच्या कांठीं बैलगाडीसाठीं ती बांधली जाण्यास आणखी अडतीस वर्षें लागलीं.

आतां सांगलीची शाखा. अठराव्या शतकाच्या अखेरीस पटवर्धनांच्या घरांत वांटणी होऊन पहिले चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून निघाले व त्यांनीं सांगलीस राजधानी केली, हा वृत्तांत या पत्राच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. त्या वांटणीचा एक दूरचा परिणाम शंभर वर्षांनीं दिसला. मुख्य मार्ग मिरजेवरून गेला, जंक्शन मिरजेस झालें, आणि सांगलीच्या वाढत्या पेठेचा माल गाडीत चढविण्यासाठीं दुसऱ्या संस्थानच्या हद्दींत नेणें प्राप्त झालें. पांच मैल हें अंतर बैलगाडीस कांहींच नाहीं. परंतु त्या पांच मैलांसाठीं पोतें दोनदां उचलावें लागे, दोनदां तोलावें लागे, व दुसऱ्या पेठेंतील अडत्यावर विसंबावें लागे. हमालीचा हा खर्च भाड्याहून जड होतो, हें व्यापाऱ्यांस पक्कें ठाऊक असतें. ही अडचण १९०७ सालीं शाखा सुरू झाल्यावर दूर झाली.

या शाखेचें श्रेय दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब यांस देण्याचा मोह होतो, कारण सांगलीच्या पुढील बहुतेक सुधारणा त्यांच्याच कारकीर्दींतल्या आहेत. परंतु तारखा तसें म्हणूं देत नाहींत. धुंडिराव तात्यासाहेब १९०१ सालीं वारले. चिंतामणराव दत्तक आले ते १९०३ सालीं, आणि त्यांस कारभाराचा अधिकार मिळाला तो १९१० त. शाखा सुरू झाली तेव्हां ते सतरा वर्षांचे होते व संस्थान सरकारी देखरेखीखालीं होतें. तेव्हां या रेल्वेविषयींचा मूळ पत्रव्यवहार पाहूं इच्छिणारानें अधिकारी राजाच्या हुजूर दप्तराऐवजीं अज्ञानकाळच्या इंग्रजी कारभाराचे कागद धुंडाळावेत. दोन चिंतामणरावांचा घोटाळा तर नवख्या संग्राहकाच्या हातून नेहमींच होतो; त्यासंबंधीं निराळें सांगत नाहीं.

संस्थान मालक आणि कंपनी चालविणार, अशी ही व्यवस्था होती. भांडवल, जमीन व रूळ संस्थानचा; एंजिनें, डबे, गार्ड, स्टेशनमास्तर व तिकिटें कंपनीचीं. अशा करारांत उत्पन्नांतून कंपनीचा चालविण्याचा खर्च ठरलेल्या प्रमाणांत वजा होऊन शिल्लक मालकास मिळे. म्हणून 'सांगली स्टेट रेल्वे' हें नांव सरकारी अहवालांत व जमाखर्चांत सांपडतें, पण उतारूच्या हातीं येणाऱ्या छापील कागदावर कंपनीचें नांव पाहावयास मिळतें. एकाच रेल्वेचीं हीं दोन नांवें पाहून दोन निरनिराळ्या रेल्वे कल्पूं नयेत.

शाखा मीटर गेजची, म्हणजे मुख्य मार्गाच्याच मापाची (३ फूट ३⅜ इंच) होती, हें तिचें खरें सामर्थ्य. सांगलीस भरलेली वाघीण मिरजेस न उतरवितां तशीच पुढें जोडतां येई. दक्षिणेकडे ती लोंढ्यावरून गोमंतकांतील मुरगांव बंदरापर्यंत मधें कोठेंही माल न बदलतां जाऊं शके. उत्तरेकडे मात्र पुण्यास जी. आय. पी. चा रुंद रूळ लागे, व मुंबईचा सारा माल तेथें एका वाघिणींतून दुसरींत घालावा लागे. १९२७ सालीं बार्शी लाईट रेल्वेचा अडीच फुटी रूळ पंढरपुराहून मिरजेस येऊन भिडला. तेव्हांपासून मिरजेसही अशीच उतराचढ सुरू झाली. बीजकावर 'पुणें बदली' किंवा 'मिरज बदली' अशा अर्थाचा शेरा असल्यास तो या मापभेदाचा होय. पोतीं फुटणें, तूट येणें, ओल लागणें यांविषयींच्या तक्रारी अशाच ठिकाणच्या असावयाच्या.

एकेरी रुळावरील गाडीची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण वेळापत्रकांतील वेळांचा अर्थ तिच्यावांचून कळत नाहीं. एका वेळीं एका टप्प्यांत एकच गाडी असावी यासाठीं ड्रायव्हरच्या हातीं त्या टप्प्याचें टोकन असल्याखेरीज गाडी हलत नाहीं. शेवटच्या स्टेशनांत एंजिन सुटतें, बाजूच्या रुळानें मागें जातें, सांधेवाला सांधा बदलतो, आणि तेंच एंजिन दुसऱ्या टोंकास जोडलें जातें. लहान शाखांवर उतारूंचे डबे व मालाच्या वाघिणी एकाच गाडीस लावण्याची चाल होती; अशा मिश्र गाडीस वाघिणी काढण्या-घालण्यासाठीं स्टेशनांत बराच वेळ उभें राहावें लागे. पांच मैलांस अर्धा तास लागलेला पाहून एंजिनास हंसूं नये. त्यांतला पुष्कळ वेळ मालधक्क्यावर जात असे.

मालाचा कागद कसा फिरे हें संग्राहकांनीं विशेष लक्षांत ठेवावें. व्यापारी माल धक्क्यावर आणून भरणा-चिठ्ठी लिहून देई. वजन होऊन भाडें ठरे व रेल्वेची पावती मिळे. ती पावती तो टपालानें, किंवा हुंडीबरोबर पेढीमार्फत, घेणाराकडे पाठवी. घेणारा ती आपल्या स्टेशनांत परत देऊन माल सोडवी. म्हणजे मूळ पावती शेवटीं रेल्वेकडेच जाई. धाडणाराच्या दप्तरांत ती असूं नये, व घेणाराच्याही असूं नये. व्यापाऱ्याच्या घरीं मूळ पावती सांपडली तर कांहींतरी बिघडलें होतें असें समजावें: माल पोहोंचला नाहीं, व्यवहार मोडला, किंवा पावती हरवली म्हणून हमीपत्रावर माल सोडविला व मागाहून ती सांपडली. यासाठीं या शाखेवरील व्यापाराचा मुख्य पुरावा पावत्यांत न शोधतां कीर्द-खतावणींतील भाडें, हमाली, तोलाई, बारदान या कलमांत शोधला पाहिजे. तेथें तो जवळजवळ अखंड असतो.

आतां पुन्हां आष्ट्याच्या वाटेकडे वळूं. भरलेली बैलगाडी तासाला दोन-अडीच मैल चालते. आष्ट्याहून रात्रीं निघालेली गाडी पहांटेस सांगलवाडीच्या कांठीं येई. समोर, पात्राच्या पलीकडे, सांगली. येथून पुढें ऋतूप्रमाणें व्यवहार बदले. पाणी ओसरल्यावर गाड्या उतारानें पात्रांतून जाऊं शकत. पाणी चढलें कीं नाव. आणि श्रावण-भाद्रपदांत महापूर आला म्हणजे तीही बंद. आगगाडी रोज सुटत होती, पण पैलतीराच्या गांवांस ती वर्षांतून कित्येक दिवस नव्हती. हंगामी हिशेबांत पावसाळ्याचे चार महिने भाड्याचें कलम कोरें दिसलें तर तें मंदीचें लक्षण मानण्यापूर्वीं नदीचा विचार करावा.

यावर पेठेनें जो उपाय योजिला तो आम्हांस फार मार्मिक वाटतो. हळद माघ-फाल्गुनापासून काढली जाते. शिजवून, वाळवून ती बाजारांत येते तो उन्हाळा असतो, नदीला उतार असतो. पण सगळी हळद त्याच महिन्यांत विकली तर भाव पडतो. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूर हें गांव आहे. तेथील मातींत खोदलेलीं पेवें हळदीच्या सांठ्यासाठीं प्रसिद्ध आहेत. तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण. आंत पाल्याचा व गवताचा थर देऊन हळद भरावयाची व तोंड मातीनें लिंपून टाकावयाचें. पेव उघडल्यावर आंत माणूस उतरविण्यापूर्वीं कंदील सोडून पाहतात. तो विझला तर आंतली हवा अजून विषारी आहे असें समजून थांबतात. आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट ही कीं, हरिपूर सांगलीच्याच तीरावर, स्टेशनच्या बाजूस आहे. आष्ट्याकडील हळद पावसाळ्यापूर्वीं नदी उतरून या पेवांत निजली कीं मग पूर येवो वा न येवो, भाव पाहून ती वाटेल त्या महिन्यांत वाघिणींत चढे. पेवाचें काम हळद टिकविण्याइतकेंच नदीचा ऋतु व रेल्वेचें वेळापत्रक यांचा मेळ घालण्याचेंही होतें. पेवांच्या भाड्याच्या नोंदी व रेल्वे-भाड्याच्या नोंदी एकमेकींशेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे हें उघड होतें; निरनिराळ्या वाचल्यास दोन्ही मुक्या राहतात.

१९२९ सालीं सांगलीस कृष्णेवर पूल झाला व व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें तो खुला होऊन त्यांचेंच नांव त्यास मिळालें. आष्ट्याच्या इतिहासांत १९०७ पेक्षां हें साल आम्ही मोठें मानतों. रेल्वे आष्ट्यास खऱ्या अर्थानें उपलब्ध झाली ती या वर्षीं, शाखा सुरू झाल्यावर बावीस वर्षांनीं. आणि येथेंच तिच्या उतरणीचाही आरंभ आहे. कारण ज्या पुलावरून बैलगाडी बारमाही स्टेशनांत जाऊं लागली त्याच पुलावरून मोटार-लॉरीही जाऊं शकत होती, आणि लॉरीला स्टेशनांत थांबण्याची गरज नव्हती. आष्ट्याच्या अडत्यापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत एकदांच चढवा, एकदांच उतरवा, असें होऊं लागल्यावर पुण्यास वाघीण बदलणें कोणास परवडणार? सांगलीला रेल्वे आणण्याचें जें कारण, म्हणजे पोतें दोनदां उचलावें लागूं नये हें, त्याच कारणानें माल पुढें रस्त्यावर गेला.

कागदांचा काळ ठरविण्यास उपयोगी पडतील अशा कांहीं खुणा येथें देतों. ता. १ जानेवारी १९०८ पासून सदर्न मराठा कंपनी मद्रास कंपनींत मिळून 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' झाली. म्हणून सांगली स्टेशनच्या कागदावर एकट्या सदर्न मराठ्याचें नांव असेल तर तो शाखेच्या पहिल्या वर्षांतला, किंवा जुना छापील फॉर्म पुढें वापरलेला. असे कागद विरळा. १९४४ सालीं ही रेल्वे सरकारनें आपल्याकडे घेतली तरी नांव तेंच राहिलें. ता. ८ मार्च १९४८ रोजीं सांगली संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, व १९५१ च्या एप्रिलमध्यें 'दक्षिण रेल्वे' हें नांव आलें. १९६६ सालीं 'दक्षिण मध्य'. सध्यां हा सर्व भाग मध्य रेल्वेच्या पुणे विभागांत आहे. स्टेशनांच्या नांवांकडेही लक्ष द्यावें: 'कुंडल रोड' असें असल्यास तो कागद त्या स्टेशनास, १९१० सालीं तेथें निघालेल्या कारखान्यावरून, किर्लोस्करवाडी हें नांव पडण्यापूर्वींचा.

वजनांत फार चुका होतात. रेल्वेचा मण चाळीस शेरांचा, सुमारें ८२ रत्तलांचा. मुंबईचा मण २८ रत्तलांचा. म्हणजे एका व्यवहारांत पेढीचा आंकडा रेल्वेच्या आंकड्याच्या जवळजवळ तिप्पट दिसतो, व अजाण वाचक व्यापाऱ्यावर लबाडीचा आरोप करून मोकळा होतो. भाड्याचा दर दर मणास दर मैलीं अमुक पै असा असे. १९५७ च्या एप्रिलपासून दशमान नाणें व पुढील तीन-चार वर्षांत किलोग्रॅम आले, त्यानंतर हा घोळ मिटला. वर्षाविषयीं: वह्यांचें वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेस बदलतें, रेल्वेचा हिशेब इंग्रजी महिन्यांनीं चालतो, आश्विनांतील माल व कार्तिकांतील भाडें एकाच व्यवहाराचें असूं शकतें.

वेळेचाही एक चमत्कार आहे. कोल्हापूर शाखा सुरू झाली त्या काळीं रेल्वेचीं घड्याळें मद्रासच्या वेळेवर चालत, व ती वेळ सांगली-मिरजेच्या सूर्यापेक्षां वीस-पंचवीस मिनिटें पुढें होती. १९०५-०६ च्या सुमारास सर्व हिंदुस्थानची एक प्रमाण वेळ ठरली. सांगली शाखा त्यानंतरची, म्हणून तिची वेळ आरंभापासून प्रमाण वेळच. पण प्रमाण वेळेनें बारा वाजतात तेव्हां सांगलीस सूर्य माथ्यावर येण्यास सुमारें अर्धा तास अवकाश असतो. सावली पाहून निघालेला शेतकरी गाडी चुकला याचें कारण प्रत्येक वेळीं त्याचें आळस नव्हे.

१९७० च्या सुमारास पुणें-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला. त्या वेळीं मुख्य मार्गच सांगलीवरून नेण्यांत आला, नवें स्टेशन झालें, आणि पांच मैलांच्या शाखेस निराळें अस्तित्व उरलें नाहीं. शहरांतील 'स्टेशन चौक' हें नांव मात्र टिकून आहे. मिरजेस येणारा बार्शीचा अडीच फुटी रूळही आतां रुंद झाला आहे.

वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रह काढला नसता तर मराठ्यांच्या उत्तरकालाविषयीं आपणांस किती कमी ठाऊक असतें याची कल्पना वाचकांस आहे. ते कागद सरदारांच्या वाड्यांत, उंच जोत्यावर सुरक्षित राहिले होते. पेठेंतील वह्यांचें तसें नाहीं. त्या दुकानांच्या मागील कोठड्यांत, जमिनीलगत असतात, आणि २००५ व २०१९ च्या महापुरांत कृष्णेचें पाणी सांगलीच्या पेठांत शिरलें. हरिपूरच्या पेवांतही २००५ सालीं पाणी गेलें. ज्या वह्या दोन्ही पुरांतून उरल्या त्यांपैकीं १९०६ ते १९३० पर्यंतच्या प्रथम पाहाव्यात, असें आमचें मत आहे. आष्टा, इस्लामपूर, वाळवा येथील घरांतल्या वह्यांस पुराची भीति कमी, पण वाळवीची अधिक. पाहतांना प्रत्येक सालच्या खर्चांत नावेचें व उताराचें कलम किती आहे, तें कोणत्या महिन्यांत येतें, आणि १९२९ नंतर तें एकदम जातें कीं हळूहळू, एवढें टिपून ठेवलें तरी पुष्कळ झालें. त्या कलमाशेजारीं लॉरीचें भाडें प्रथम कोणत्या मितीस येतें, तीही मिती उतरून घ्यावी.